दारातली गाडी

आमच्या दारात आजवर तीन गाड्या उभ्या राहिल्या. पहिली लाकडी चाकांची बैलगाडी, दुसरी टायरगाडी, तिसरी पिकअप. चौथी आणायची की नाही, यावर दिवाळीपासून घरात खल चालला होता. भांडण म्हणता येणार नाही. पण विषय निघाला की ताटातली भाकरी गार होत होती एवढं खरं.

पिकअप घेतली २०१० च्या दिवाळीत. २०२५ च्या दिवाळीला तिला पंधरा वर्षं भरली. मुलगा म्हणाला, "नाना, हिला आता काढू आणि नवी घेऊ. अजून दोन वर्षांनी भंगारवालासुद्धा दारात यायचा नाही." त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. दिल्लीसारखी इथं जुन्या गाडीवर बंदी नाही. पण पासिंग दरवर्षी करावं लागतं, पंधरा वर्षांनंतर त्याची फी वाढते, वर पर्यावरण कर, आणि नवीन नंबरप्लेटची मुदत डोक्यावर. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मालगाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे शोरूमवाल्यांचे फोन रोज. मी म्हटलं, बघू. माझं 'बघू' म्हणजे काय, हे घरच्यांना चांगलं ठाऊक आहे.

मी दहावी शिकलेला माणूस. अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावी नुकतीच सुरू झाली, तेव्हाचा. पुढं शिकणं झालं नाही, पण शाळेनं एक सवय लावली ती टिकली. बाजारात गेलेल्या प्रत्येक खेपेची नोंद वहीत करायची: तारीख, माल, वजन, भाव, भाडं, हातात आलेले पैसे. पहिली वही १९७७ ची आहे. गाडी विकायची की ठेवायची ते ठरवायला म्हणून या सगळ्या वह्या माळ्यावरून खाली काढल्या आणि चार दिवस त्यातच गेलो. बायको म्हणाली, "गाडीचं बघायचं सोडून हे काय काढून बसलात?" मी गाडीचंच बघत होतो.

लाकडी गाडीच्या मात्र वह्या नाहीत. ती आजोबांच्या वेळची. बाभळीचं लाकूड आणि चाकाला लोखंडी धाव. धाव बसवायची म्हणजे गावातला सोहळाच. लोहार गोवऱ्या रचून त्यात लोखंडाचं कडं लाल होईस्तोवर तापवायचा, चौघं जण ते उचलून लाकडी चाकावर चढवायचे आणि वरून घागरीच्या घागरी पाणी ओतायचे. कडं गार होऊन आवळलं की आरे करकरायचे. आम्ही पोरं त्या वाफेत उभी असायचो. बहात्तरच्या दुष्काळात याच गाडीनं खडीच्या कामावर दगड वाहिले. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो.

आमचं गाव चांदवड तालुक्यात, आग्रा रोडपासून थोडं आत. लासलगावचा बाजार पंचवीस-तीस किलोमीटर. बाजार समिती तिथं १९४७ पासून आहे. रात्री जेवून गाड्या जुंपायच्या, सात-आठ एकामागे एक, खाली कंदील लोंबकळता. पहाटे बाजारात. एका गाडीत दहा-बारा गोण्या कांदा. आज ऐकताना हसू येईल. एवढा माल आता मोटारसायकलला जोडलेल्या गाड्यातून नेतात.

पण त्या गाडीची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. भाव पटला नाही तर आप्पा, म्हणजे माझे वडील, गाडी सोडून बाजाराच्या कडेला लिंबाखाली दोन-दोन रात्री काढायचे. बैलांचा कडबा गाडीतच आणलेला. भाकरी फडक्यात बांधलेली. उभ्या गाडीचं भाडं चढत नव्हतं की डिझेल जळत नव्हतं. व्यापाऱ्यालाही ते माहीत असायचं. "आज नाही तर उद्या" असं म्हणायला आप्पांना काही लागत नव्हतं, गोणपाट टाकायला जागा तेवढी पाहिजे.

टायरगाडी आली १९७८ ला. लोखंडी कणा, बेअरिंग, हवेचे टायर. तीच बैलजोडी, पण माल जवळजवळ दुप्पट. बैलांच्या खांद्याची आवाळं कमी झाली. पंक्चर हा शब्द आमच्या घरात त्या गाडीनं आणला. १० नोव्हेंबर १९८० ला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ता अडवला, रेल्वे अडवली. मी वीस वर्षांचा होतो, आग्रा रोडवर बसलो होतो. त्या वर्षीच्या वहीत दोन पानं कोरी आहेत, बाजारच नव्हता.

मग आला टेम्पो. हा शब्द आपण मराठीच असल्यासारखा वापरतो, पण तो आहे जर्मनीतला. हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव टेम्पो. त्यांच्याशी करार करून फिरोदियांनी १९५८ साली मुंबईत गोरेगावला बजाज टेम्पो काढली. आधी तीनचाकी होती, पुढं १९६४ ला कारखाना आकुर्डीला गेला आणि १९६९ ला चारचाकी मॅटॅडोर आली. कंपनीनं २००५ मध्ये नाव बदलून फोर्स केलं. आम्ही मात्र अजून कोणाचीही लहान मालगाडी असली तरी "टेम्पो आला का?" असंच विचारतो. जर्मनीत तो कारखाना राहिला नाही, नाव आमच्या बांधावर राहिलं.

मॅटॅडोरनं आमच्याकडे काय बदललं? टमाटा. बैलगाडीनं टमाटा मुंबईला कसा नेणार? मॅटॅडोर संध्याकाळी शेतातून निघायची, कसारा घाट उतरायची आणि पहाटे भायखळ्याच्या मंडईत उभी राहायची. पुढं ती मंडई वाशीला गेली. कांदा, गहू यांच्याशिवाय दुसरं काही पिकवून रोख पैसा करता येतो, हे आमच्या भागाला या गाडीनं शिकवलं. तिचे उपकार आहेतच.

१९८६ ला टाटांची ४०७ आली. त्याच सुमाराला चार जपानी मेळाच्या गाड्याही आल्या होत्या: डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा आणि ऑल्विन निसान. दिसायला त्या गुळगुळीत, चपट्या तोंडाच्या, चालवायला हलक्या. ४०७ ला पुढं थोडं नाक होतं आणि चालवताना हात दुखायचे. पण जपानी येन महाग झाला तसे बाहेरून येणारे सुटे भाग महागले, आणि आपल्याकडे गाडीत माल भरण्याची रीत काय, हे त्या गाड्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चारांतल्या दोन पुढं दुसऱ्यांच्या हातात गेल्या. ४०७ टिकली, अजून दिसते. आमच्या गावातला ड्रायव्हर म्हणायचा, "गाडी कागदावर किती उचलते ते विचारू नका, खड्ड्यात किती उचलते ते विचारा." शोरूममध्ये गेलो तेव्हा मला हे वाक्य आठवत होतं.

ही ४०७ आमच्या दारात कधी उभी राहिली नाही. शेताच्या कडेला उभी राहिली, भाड्यानं. म्हणून तिला मी आमच्या तीन गाड्यांत धरत नाही.

१९८७ चा उन्हाळा. बहिणीचं लग्न ठरलेलं. टायरगाडीच्या तीन-चार खेपा करण्यापेक्षा एकदाच न्यावा म्हणून आप्पांनी ४०७ केली, मी बरोबर होतो. बाजाराचं नाव घेत नाही, जवळपासचाच. लिलाव सुरू झाला आणि आमच्या गाडीशी आला तेव्हा बोली एवढी खाली, की काढणीची मजुरी सुटली नसती. आप्पा सवयीनं म्हणाले, "नाही द्यायचा." व्यापाऱ्यांचा घोळका पुढं सरकला. तेवढ्यात ड्रायव्हर आला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "आप्पा, दुपारी मला टमाट्याची खेप आहे. गाडी खाली करा, नाहीतर हॉल्टिंग द्यावं लागेल. आणि परत न्यायचा असेल तर परतीचं भाडं वेगळं." आप्पा थोडा वेळ गाडीच्या चाकाशी उभे राहिले. मग त्यांनी मलाच पाठवलं त्या व्यापाऱ्याला बोलवायला. पहिल्या बोलीपेक्षा कमीनं दिला.

एवढ्यावर भागलं नाही. खळ्यात माल खाली करताना वांधा काढला: वरचा कांदा वेगळा, खालचा वेगळा, म्हणून क्विंटलमागे आणखी पाच रुपये कमी. ज्यांनी कांदा विकलेला नाही त्यांना सांगतो, लिलाव होतो गाडीवर, वजन होतं भुईकाट्यावर आणि माल उतरतो व्यापाऱ्याच्या खळ्यात. अर्धी गाडी उतरल्यावर वांधा निघाला तर शेतकरी करणार काय? ड्रायव्हर तर घड्याळ बघत उभा. येताना आप्पा केबिनमध्ये एक शब्द बोलले नाहीत. लग्न झालं, उसनवारी करून. वहीत त्या खेपेपुढं भावाच्या रकान्यात आकडा आहे आणि शेरा काही नाही. माझ्याच अक्षरात आहे, पण लिहवलं नसणार.

त्यानंतर वीस-बावीस वर्षांच्या वह्या मी पाहिल्या. भाड्याच्या गाडीनं गेलेली एकही खेप परत आलेली नाही. एकही नाही. बैलगाडीच्या वेळी दोन दिवस थांबणारे आप्पा हेच. माणूस तोच होता, बाजार तोच होता. उभं राहायची किंमत तेवढी बदलली होती.

मे २००५ मध्ये टाटांची एस आली, आमचा छोटा हत्ती. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन, ताकद सोळा घोड्यांची, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. तोवर मालगाडी घेणं हे पैसेवाल्याचं काम होतं. छोट्या हत्तीनं ते भाजीवाल्याच्या, दूधवाल्याच्या ऐपतीत आणलं. गावात पहिला आला तेव्हा लोक बघायला गेले होते, सर्कशीतला यावा तसे. पण कांद्याला तो अपुरा पडायचा. कांद्याला लागते पिकअप. जीपच्या सांगाड्यावर मागं हौदा बसवलेली गाडी. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलीस जीप जोडायला सुरुवात केली, त्या जीपच्या वंशातली ही नाकवाली पिकअप. आज लासलगावला जा, बाजार समिती रोजची आवक सांगताना क्विंटलबरोबर ट्रॅक्टर किती आणि पिकअप किती हेही सांगते. आमच्याकडे ते मापच झालं आहे.

आमची पिकअप घेतली तेव्हा आप्पा नव्हते. बायकोची पोत मोडून आणि पतसंस्थेचं चार वर्षांचं कर्ज काढून घेतली. पूजा झाली, पेढे वाटले. मी गाडीच्या चाकाशी बराच वेळ उभा होतो म्हणे, बायको सांगते.

आता गंमत ऐका. मला आपलं पक्कं वाटत होतं की गाडी घरची झाली त्या दिवसापासून आपण भाव नाकारायला लागलो. चार माणसांत मी तसं सांगितलंही आहे. वह्या काढल्या तर निघालं वेगळंच. पहिली 'परत' अशी नोंद सापडते २०१५ मध्ये. कर्ज फिटलं २०१४ च्या डिसेंबरात. मधल्या चार वर्षांत गाडी दारात होती, पण कांदा एकदाही परत आला नाही. हप्त्याची तारीख डोळ्यापुढं असायची आणि मिळेल त्या भावात देऊन मी घरी यायचो. म्हणजे ड्रायव्हरच्या जागी पतसंस्था बसली होती, एवढाच फरक.

२०१५ नंतर अकरा नोंदी 'परत'. २०१६ ला उन्हाळ कांदा मातीमोल झाला, त्या एका वर्षात चार. काही वेळा माल घरी आणून पुन्हा चाळीत टाकला, काही वेळा बाहेरच्या बाहेर गाडी दुसऱ्या बाजाराकडे वळवली. आमच्याभोवती चांदवड, पिंपळगाव, विंचूर, लासलगाव असे बाजार आहेत. हे उन्हाळ कांद्यापुरतं. लाल कांदा टिकत नाही, तो परत आणून करणार काय? ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा गाडीत लालच होता. लिलाव बंद पडले. माल परत आणला, पातळ पसरला, आठवडाभरानं मिळेल त्या भावात दिला. त्या अकरांत तीही एक.

हे अकरा मी मुलापुढं ठेवले. तो माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे, त्यानं मोबाइलमध्ये मांडून पाहिलं. सातांत पुढं जास्त मिळाले, तिघांत कमी, एक बरोबरीत. वर-खाली करून फायदा अठ्ठावीस हजार.

"दहा वर्षांत अठ्ठावीस हजार, नाना. दोन हप्त्यांएवढेही नाहीत."

हिशेब त्याचा बरोबर होता. मी म्हटलं, वांधा काढायचे थांबले ते कुठं धरलं? मी गाडीचा फाळका लावून "चल, परत घेतो" म्हणतो तेव्हा पाच रुपये कमी करणारा गप्प बसतो, ते कुठल्या रकान्यात लिहू? त्यावर तो काही बोलला नाही, पण पटलं असंही दिसलं नाही. त्याच्या मनात दुसरी गोष्ट होती आणि ती मला माहीत होती. तिशी आली आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कोणी तयार नाही. बघायला आलेले लोक आधी दारात काय उभं आहे ते बघतात. पंधरा वर्षांची, हौद्याला तीन ठिकाणी पत्रा मारलेली पिकअप त्याला कशी वाटत असेल? नवीन गाडी असली तर रात्री वाशीची भाडी मारीन, असंही तो म्हणत होता. तरणा माणूस, त्याचं चुकत नव्हतं.

म्हणून आम्ही गाड्या बघायला गेलो. तिघंही. बायकोला मी मुद्दाम घेतलं.

महिंद्रांची आता बोलेरो मॅक्स म्हणून पिकअप आहे. तिच्यात लहान-मोठे बरेच प्रकार. मोठीला दोन टन वजन आणि दहा फुटांचा हौदा. टाटांची योद्धा, तीही दोन टनांपर्यंत. या दोन्ही नाकवाल्या, इंजिन पुढं. दुसरीकडे टाटांची इंट्रा आणि अशोक लेलँडची दोस्त, बडा दोस्त. यांना नाक नाही म्हटलं तरी चालेल, ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावर बसतो आणि इंजिन त्याच्या बुडाखाली. इंट्रा व्ही-५० चं वजन दीड टन, इंजिन दीड लिटरचं. नाक नसल्यानं तेवढ्याच लांबीत हौदा मोठा बसतो आणि गाडी लहान जागेत वळते. आमच्या वस्तीवरच्या वळणाला हे चांगलं. उलट नाकवाली उंच, चाक मोठं, बांधावरून आणि ओल्या चारीतून काढायला बरी. दगडाला पोट लागत नाही.

आमची जुनी कागदावर सव्वा टनाची. आम्ही तिच्यात वीस क्विंटल घातलेत, पाटे वाढवून. हे सांगायला लाज वाटते, पण सगळेच घालतात. दोन टनांची गाडी घेतली तर हेच वजन कायद्यात बसेल, हा मुलाचा मुद्दा मला सगळ्यात पटला. मनात आलं ते मात्र बोललो नाही: दोन टनांची आली की आपण तीत तीन टन घालू.

शोरूमचा पोरगा चुणचुणीत होता. गाडीत स्क्रीन आहे, गाडी कुठं आहे ते मोबाइलवर दिसतं, असं सगळं सांगत होता. बायको मागं गेली आणि हौद्याच्या कडेला उभी राहिली. कड तिच्या छातीला लागली. ती म्हणाली, "ही भरायची कोणी?" पोराला प्रश्न कळला नाही. कांदा आम्ही सुटा भरतो. चाळीतून पाट्या भरून बायका आणतात आणि हौद्यात ओततात. दिवसाला दोन-अडीचशे पाट्या. कड जितकी वर, तितकी पाटी जास्त वर उचलायची, प्रत्येक खेपेला. जुनीही उंचच आहे आणि पंधरा वर्षं त्या बायकांचे खांदे दुखले, हे गाडी घेताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नाक नसलेल्या गाड्या त्या मानाने ठेंगण्या. तिनं दोस्तच्या हौद्यावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, "ही बरी." गाड्यांची एवढी माहितीपत्रकं घरी आली, वजन, लांबी, ताकद सगळं छापलेलं, जमिनीपासून हौद्याची कड किती उंच, हे शोधायला मला चष्मा लागला.

इंजिनाचं बोलायचं तर १ एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-६. धूर कमी, ते चांगलंच. पण डिझेल गाडीच्या धुराड्यात चाळणी असते आणि जवळच्या लहान फेऱ्या करत राहिलं की ती काजळीनं तुंबते. मग गाडी लांब, जोरात पळवून ती जाळून घ्यावी लागते. काही गाड्यांना वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी घालावं लागतं. हे ऐकून मी हसलो. म्हटलं, पिकाला युरिया मिळायला रांग, आता गाडीलाही द्या. आमच्या जुन्या गाडीचा पंप फाट्यावरचा मिस्त्री लिंबाखाली बसून खोलतो. नवीन गाडीला तो हात लावत नाही, म्हणतो, कॉम्प्युटर लावल्याशिवाय काय झालंय ते कळत नाही. सीएनजीही निघाली आहे, चालवायला स्वस्त. पण टाक्यांचं वजन गाडीच वाहणार आणि पंपावरच्या रांगा आम्ही पाहिल्या आहेत.

मग गाडीत बसून चालवून पाहिली. खरं सांगतो, सुख वाटलं. स्टेअरिंग बोटानं फिरतं. ब्रेक असा लागतो की जुनीचे ब्रेक आठवून माझ्या पोटात गोळा आला. राहुड घाटात रात्री पोरगा जुनी गाडी घेऊन येतो आणि मी घरी जागा असतो. विकावी, असं मला त्या दिवशी दोनदा वाटलं.

हिशेबाला बसलो. सगळं धरून साडेदहा लाख. जुनीचे सव्वादोन मिळणार, वर थोडे हातचे, कर्ज आठ लाखांचं, पाच वर्षं, हप्ता सतरा हजार चारशे. आमच्या शेवटच्या पट्टीला उन्हाळ कांदा अकराशेनं गेला होता. म्हणजे महिन्याला सोळा क्विंटल कांदा. महिन्याची जवळजवळ एक भरली गाडी हप्त्याची, मजुरी, खत, डिझेल काही न धरता. मुलानंच विचारलं, "हप्ता सहामाही करता येईल का? पीक निघाल्यावर?" कर्जाचा माणूस म्हणाला, "ट्रॅक्टरला करता येतो. पिकअपला नाही, ती व्यापारी गाडी धरतात. दर महिन्याच्या पाच तारखेला."

कांदा तोच, शेत तेच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातला तर शेतकरी आणि पिकअपमध्ये घातला तर व्यापारी. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी काही बोललो नाही. मला २०११ ते २०१४ च्या वह्या दिसत होत्या.

येताना गाडीत तिघंही गप्प. अर्ध्या वाटेत तोच म्हणाला, "एक वर्ष थांबू. कर्ज निम्मं काढता येईल एवढे पैसे जमू देत." मग लगेच, "पण ब्रेकचं सगळं काम नवीन करायचं. आणि वाशीला ही गाडी न्यायची नाही, तिकडचा माल भाड्यानं." मी हो म्हटलं. बायको म्हणाली, "आणि भरताना खाली एक फळी टाका, चढून ओतायला." पंधरा वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं.

ब्रेक झाले, नंबरप्लेट लागली, पासिंगला मागचे लाल पट्टे नवीन लावायला सांगितले, तेही लावले. चाळीत पस्तीसेक क्विंटल उन्हाळ कांदा राहिला होता, कोंब यायला लागलेला. त्यातली पहिली खेप घेऊन मुलगा एकटा गेला. संध्याकाळी मी ओट्यावर होतो. गाडी आली ती भरलेलीच. ताडपत्रीसुद्धा सोडलेली नव्हती.

"साडेनऊशे म्हणाले. मी म्हटलं, नाही द्यायचा."

मी म्हटलं, कोंबाचा माल आहे, उद्या काय होईल सांगता येत नाही. तो म्हणाला, "उद्या पिंपळगाव बघतो." जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी पिंपळगावला नऊशे वीसनं गेला.

आल्यावर त्यानं माझ्याकडून वही मागून घेतली. आदल्या दिवसाच्या तारखेपुढं 'परत' लिहिलं, खाली नवीन तारीख, वजन, भाव. डिझेलही लिहिलं, मी कधी लिहीत नव्हतो. मग मागची पानं उलटत बसला होता. १९८७ च्या पानाशी थांबून त्यानं विचारलं, "इथं शेरा का नाही?" त्याला सांगितलं.

उरलेल्या कांद्याची खेप सोमवारी न्यायची आहे.